अफवा, भीती आणि गर्दी : साधी माणसे घातक कधी होतात?

डेंग्यू, मलेरिया, उष्माघात यांविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या वेळी अफवेविषयी लिहीत आहोत, कारण आपल्या खान्देशात अफवेनेही माणसे मारली आहेत.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण तिथे आले होते. 'मुले पळवणारी टोळी' समजून जमावाने त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथेच त्यांचा जीव घेतला.

मारणारे कुठून वेगळे आले नव्हते. बाजाराला येणारी, घरी लेकरेबाळे असलेली माणसेच ती. मग असे का घडले?

पहिले कारण भीती. लेकराला धोका आहे म्हटले की छाती धडधडते, श्वास वाढतो, शरीर लढायला किंवा पळायला तयार होते. अशा वेळी शांतपणे पारखण्याची बुद्धी मागे पडते. त्या काळात मोबाइलवर फिरणारी अपहरणाची एक चित्रफीत मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षेच्या जागृतीसाठी बनवलेली होती. त्यात मूल लगेच परत आणून सोडतात. तो शेवटच कुणीतरी कापला होता.

दुसरे कारण आधीपासूनचा संशय. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण फिरस्त्या माणसाकडे चोर म्हणून पाहणारी नजर राहिली. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तिसरे कारण गर्दी. गर्दीत प्रत्येकाला वाटते, कुणीतरी खात्री केली असेल. प्रत्येकाला हेही वाटते की थांबवायचे काम दुसऱ्याचे आहे. जबाबदारी वाटली जाते आणि शेवटी कुणाचीच राहत नाही.

ही तीन कारणे एकत्र आली म्हणजे खून अटळ असतो, असे मात्र नाही. त्याच रात्री शेजारच्या मालेगावात याच अफवेवरून जमावाने पाच जणांना घेरले. त्यांच्यात दोन वर्षांचे मूलही होते. तिथे एका रहिवाशाने त्यांना घरात घेतले आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. पाचही जण वाचले. अफवा तीच आणि संतापही तसाच, पण मध्ये एक दार उघडले.

म्हणून आमचे सांगणे असे :

• 'ताबडतोब पुढे पाठवा' असे लिहिलेला संदेश आधी थांबवा. कुठे, कधी, कुणाचे मूल, हे विचारा. उत्तर नसेल तर तो पुढे जाऊ देऊ नका. ऐकीव गोष्ट पारखून घ्या, ही कालाम सुत्ताची शिकवण मोबाइललाही लागू आहे.
• कुणाचा संशय आला तर ११२ वर पोलिसांना कळवा. मूल संकटात असेल तर १०९८ आहे. झडती घेणे, कोंडणे, मारणे हे आपले काम नाही.
• कुणाला घेरलेले दिसले तर आधी फोन करा. शक्य असेल तर त्या माणसाला घरात, दुकानात घ्या. एकटे पुढे जाऊ नका. ओळखीचे चार जण, आशाताई, गुरुजी, विहारातली वडीलधारी मंडळी सोबत घ्या.
• मारहाण पाहिलेल्या मुलांना झोप लागत नाही, ती दचकतात. त्यांना बोलू द्या, रागावू नका. त्रास थांबत नसेल तर १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे चार मुद्दे वाचून दाखवा. अफवा येण्याआधी बोलणे झाले असेल, तर ती आल्यावर निदान एक दार तरी उघडेल.