भाकरी कडक की कठीण?

तिसरीच्या वह्या तपासताना आमच्या हातून एकदा एक चूक घडली. पाठ विरुद्धार्थी शब्दांचा होता. 'मऊ' या शब्दासमोर एका मुलाने 'कडक' असे लिहिले होते. आमच्या यादीत 'कठीण' होते. आम्ही तांबड्या शाईने फुली मारली आणि पुढची वही उघडली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, आमची आजी भाकरी कडक झाली म्हणती. कठीण झाली असं कुठं म्हणती?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. गणित कठीण असते, प्रसंग कठीण असतो. भाकरी मात्र मऊ तरी असते, नाही तर कडक. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या आम्हांला हे त्या आजीने शिकवले. आम्ही फुली खोडली, बरोबरची खूण केली आणि तेव्हापासून हा पाठ शिकवण्याची आमची रीतही बदलली.

समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द म्हणजे दोन रकान्यांची यादी, ती पाठ झाली की काम झाले, अशी आपली समजूत असते. पाठांतराला आमचा विरोध नाही. पूर्वी मुलांकडून अमरसिंहाचा अमरकोश पाठ करून घेत. तीन कांडांच्या त्या पद्यमय संस्कृत कोशात एकाच अर्थाची नामे एकत्र गुंफलेली आहेत. परंतु त्या विद्यार्थ्याला पुढे काव्यनाटकांत तेच शब्द ठायी ठायी भेटत. आपल्या मुलांना यादी मिळते, पण शब्दांची भेट होत नाही.

म्हणून आम्ही वर्गात एक खेळ सुरू केला. पाणी, जल, उदक, नीर हे शब्द फळ्यावर लिहायचे आणि वाक्यात एकाच्या जागी दुसरा घालून पाहायचा. "नळाला उदक आले" म्हणताच वर्ग हसतो. "तोंडचे जल पळाले" म्हणताच आणखी हसतो. मग आम्ही विचारतो, "हसलात का?" तेथून खरा पाठ सुरू होतो. गंगेचे ते गंगाजल, संकल्प करून सोडायचे ते उदक आणि घागरीत भरायचे ते पाणी. अर्थ एकच असला तरी प्रत्येक शब्दाचे घर वेगळे आहे, हे आठ वर्षांच्या मुलालाही कळते.

विरुद्धार्थी शब्दांचेही तसेच आहे. कडक भाकरीच्या उलट मऊ भाकरी. पण कडक उन्हाच्या उलट कोवळे ऊन, कडक चहाच्या उलट पाणचट चहा आणि कडक गुरुजींच्या उलट मायाळू गुरुजी! शब्द एक, उलट शब्द चार. तांदूळ जुना असतो, भात शिळा होतो आणि आजोबा म्हातारे होतात. या तिघांचे विरुद्धार्थी शब्द मुलांना विचारून पाहा. उपसर्गांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. न्याय–अन्याय, हजर–गैरहजर, शिस्त–बेशिस्त येथवर ठीक. पण 'अमूल्य' म्हणजे कवडीमोल नव्हे, तर ज्याचे मोल करता येत नाही असे.

वाचक म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचा हा प्रपंच कशाला? आमच्या बेळगाव भागातील शेतकऱ्याचे मूल 'भांगलण' हा शब्द घरून घेऊन येते. पुस्तकात 'खुरपणी' असते. विदर्भ-खानदेशाकडे त्याच कामाला 'निंदणी' म्हणतात. तिन्ही शब्द मराठीच. 'भांगलण' चूक म्हणून आपण फुली मारली, तर मूल तो शब्द शाळेत बोलणार नाही आणि काही दिवसांनी घरीही बोलायला लाजेल. महाराष्ट्रातल्या मुलाला रस्त्यावरच्या पाट्या, बाजार, कचेरी अशी सगळीकडे मराठी भेटते. आपल्यापैकी बहुतेकांच्या मुलांना ती घरातच भेटते. त्या घरच्या शब्दावरच फुली पडली, तर उरले काय?

शेजारच्या भाषांचेही भय बाळगू नये. 'नीर' हा शब्द इतर मुलांना पुस्तकी वाटतो. आमच्या मुलांना तो कन्नडातील 'नीरु'मुळे लगेच ओळखू येतो. हैदराबादच्या मुलांनाही तेलुगूमुळे तो परका वाटणार नाही. मात्र जेथे घोटाळा होतो, तेथे विरुद्धार्थी शब्द उपयोगी पडतो. इंदूर-ग्वाल्हेरकडचे मूल "डबा खाली आहे" म्हणाले, तर रागावू नये. "खालीच्या उलट काय?" एवढेच विचारावे. 'वर' म्हणाले तर मराठी, 'भरलेला' म्हणाले तर हिंदी. भेद त्याचा त्यालाच उमगेल.

पालकांना आमची विनंती थोडकीच आहे. मुलाने अर्थ विचारला की नुसता प्रतिशब्द सांगून थांबू नका. त्या शब्दाची दोन वाक्ये सांगा. स्वयंपाकघरात, अंगणात, बाजारात हाताशी येईल त्या वस्तूवरून "याच्या उलट काय?" हा खेळ खेळा. आणि घरात आजी असेल, तर मुलाला तिच्याजवळ बसू द्या.

त्या मुलाच्या वहीतली खोडलेली फुली पान उलटले तरी मागच्या बाजूस उमटलेली दिसत होती. तांबडी शाई पुसली जात नाही, हे मास्तरांनी आणि आईबापांनी ध्यानात ठेवलेले बरे.