गाळ उपसणारी यंत्रे

आपल्या न्यासाच्या साहाय्याने शिकलेले पुष्कळ तरुण आज बडोद्याच्या आसपास रसायनांच्या कारखान्यांत नोकरीस आहेत. यांपैकी अनेक कारखान्यांचे शुद्ध केलेले सांडपाणी १९८३ साली सुरू झालेल्या सुमारे ५६ किलोमीटर लांबीच्या पाटाने खंभातच्या आखाताकडे जाते. पाणी जाते, परंतु गाळ मागे राहतो. तो कसा उपसतात, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो.

सांडपाणी मोठ्या गोल टाकीत संथ ठेवले म्हणजे जड कण तळाशी बसतात. तळावरून एक लांब भुजा अत्यंत मंद गतीने फिरते व तिला लावलेले फाळ गाळ मधल्या खड्ड्याकडे लोटतात. गती वाढविली तर बसलेला गाळ पुन्हा ढवळला जातो. अमेरिकेतील जॉन डॉर यांनी १९०५ च्या सुमारास खाणीच्या कामासाठी असे यंत्र केले. पुढे ते सांडपाण्याच्या कामी आले.

खड्ड्यातील दाट गाळ साध्या पंपाने नीट उचलला जात नाही, पंप चोंदतो. फ्रान्सचे रने म्वानो यांनी १९३० च्या सुमारास निराळा पंप शोधून काढला. त्यात पोलादाचा पिळदार दांडा रबराच्या पिळदार नळीत फिरतो. दोहोंमधील पोकळ्या पुढे सरकतात व त्यांबरोबर गाळही सरकतो. मात्र हा पंप कोरडा चालवू नये, रबर जळते.

आता थोडा हिशेब करू. १०० घागरी पातळ गाळात घन पदार्थ जेमतेम १ घागर असतो. तो शेकडा ४ पर्यंत दाट केला तर २५ घागरी गाळ उरतो. फिल्टर प्रेसच्या कापडांत दाबून शेकडा २० पर्यंत आणला तर अवघ्या ५ घागरी. रासायनिक गाळ हा घातक कचरा होय; तो ओढ्याकाठी टाकता येत नाही. तेव्हा वाहून न्यावयाचे ओझे विसावा हिस्सा होणे हा मोठाच लाभ आहे.

परंतु याहून मोठा लाभ माणसाच्या जिवाचा आहे. कुजणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. तो हवेहून जड असल्याने तळाशी साचतो. थोडा असता त्यास सडक्या अंड्याची घाण येते. फार झाला म्हणजे नाकाची शक्तीच जाते आणि घाण येईनाशी होते. म्हणून ‘वास नाही, उतरा’ हा सल्ला प्राणघातक ठरतो. पहिला पडला की त्यास काढावयास गेलेला दुसराही पडतो.

गटारे व मैलाटाक्या साफ करण्यासाठी माणसास संरक्षणावाचून आत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू आल्यास वारसांस द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपये ठरविली व २०२३ साली ती ३० लाख केली. कारखान्यातील टाकीचा वायूही तितकाच विषारी असतो. यंत्र अडले तर प्रथम टाकी रिकामी करावी, पंख्याने हवा खेळवावी, उपकरणाने हवा तपासावी. उतरणाऱ्याच्या कमरेस दोर व वर राखणदार असावा. एवढे नसेल तर ‘आम्ही उतरणार नाही’ असे म्हणण्याचे बळ आपल्या मुलांना घरातूनच मिळावे.