पडद्यावरचं दुकान आणि त्याचं जुनं गिऱ्हाईक

१९७७ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, क्लिअरवॉटर गावच्या एका लहानशा रेडिओ स्टेशनवर जाहिरातीची उधारी थकली होती. जाहिरातदाराकडे रोकड नव्हती. त्याने बिलापोटी डबे उघडायचे ओपनर आणून टाकले. हिरव्या रंगाचे, ११२ नग. स्टेशनचे मालक बड पॅक्सन यांनी ते बॉब सिरकोस्टा या निवेदकाच्या पुढ्यात ठेवले आणि कार्यक्रम चालू असतानाच विकायला सांगितलं. भाव ९ डॉलर ९५ सेंट. फोन येत राहिले आणि सगळे नग उठले. पॅक्सन यांच्या लक्षात आलं की गाण्यांमध्ये जाहिरात घुसवण्याऐवजी नुसती विक्रीच ऐकायलाही लोक बसतात. १९८२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या भागीदाराने स्थानिक केबलवर हाच धंदा सुरू केला, आणि १९८५ मध्ये ‘होम शॉपिंग नेटवर्क’, म्हणजे एचएसएन, देशभर दिसू लागलं.

दुसऱ्याच वर्षी त्याला तगडा प्रतिस्पर्धी मिळाला. जोसेफ सीगल या उद्योजकाने पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टर गावी क्यूव्हीसी हे चॅनेल काढलं. २४ नोव्हेंबर १९८६ ला ते सुरू झालं. पहिल्या दिवशी पहिली विकलेली वस्तू होती न्हाणीघरात लावायचा एक रेडिओ. सीगल यांना आरडाओरडा करून माल खपवणं पसंत नव्हतं. बायका कुंपणापाशी उभ्या राहून बोलतात त्या सुरात निवेदकाने बोलावं, हा त्यांच्या चॅनेलचा दंडक झाला. पुढची चाळीस वर्षं हे चॅनेल टिकलं ते या सुरावर.

कासारीण घरी आली की आधी पाणी पिते, लेकीबाळींची चौकशी करते, मग टोपली उघडते. बांगड्या भरताना हात हातात असतो आणि भाव मध्येच केव्हातरी ठरतो. क्यूव्हीसीची विक्री या जातीची आहे. निवेदिका स्वेटर दाखवायला घेते, पण बोलते ती ऑफिसातल्या गार एसीबद्दल, बाही दुमडली तर मनगटावर कशी बसते त्याबद्दल, धुतल्यावर आटतो की नाही त्याबद्दल. तिच्या हातात लिहिलेली संहिता नसते. कानात मात्र इअरपीस असतो. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या निर्मात्यासमोर त्या क्षणी किती फोन येताहेत आणि किती नग गेलेत याचे आकडे हलत असतात. तिने खिसा उलटा करून दाखवला आणि फोन वाढले, की कानात सूचना येते: खिसा पुन्हा दाखव. पडद्याच्या एका कडेला भाव, हप्त्याची रक्कम आणि कोणता रंग संपत आला ते. मधेच एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन थेट प्रक्षेपणात घेतला जातो. ती बाई सांगते, माझ्याकडे याचे तीन रंग आहेत, चौथा घेतेय. निवेदिका तिला नावाने हाक मारते, गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं विचारते.

‘आजचा खास भाव’ म्हणून एक वस्तू रोज मध्यरात्री बाहेर येते आणि चोवीस तास चालते. ती काय असेल हे पाहायला जागणाऱ्या बायका अमेरिकेत हजारोंनी होत्या. कॅमेरे वर्षभर, दिवसरात्र चालू; सुटी जवळजवळ फक्त नाताळची.

या दुकानाने माणसंही घडवली. जोन रिव्हर्स ही विनोदी कलावंत. १९८७ मध्ये तिचा रात्रीचा कार्यक्रम हातचा गेला, त्याच वर्षी पतीने आत्महत्या केली आणि हॉलिवूडची दारं बंद झाली. १९९० पासून ती क्यूव्हीसीवर स्वतःच्या नावाचे दागिने विकू लागली. तेव्हा नामवंतांना हे काम हलकं वाटे. मधमाशीच्या आकाराची तिची पिन मात्र इतकी खपली की २०१४ मध्ये तिचं निधन होईपर्यंत हे नातं टिकलं. जॉय मॅन्गॅनो ही न्यूयॉर्कजवळ राहणारी, एकटीने मुलं वाढवणारी बाई. हात ओला न करता पिळता येणारा पोछा तिने तयार केला. १९९२ मध्ये ती स्वतः कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि अर्ध्या तासाच्या आत १८ हजार पोछे गेले. २०१५ चा ‘जॉय’ हा चित्रपट तिच्यावरच बेतला आहे. डिसेंबर २००१ मध्ये तर क्यूव्हीसीने एका दिवसात ८ कोटी डॉलरच्या ऑर्डरी घेतल्या, आणि त्यात मोठा वाटा संगणकांचा होता. ‘या बायकांना यंत्रातलं काय कळतं’ म्हणणाऱ्यांना त्या दिवशी उत्तर मिळालं.

या धंद्याकडे बघून नाक मुरडणं फार सोपं आहे, आणि ते अन्यायाचंही आहे. पन्नाशी उलटलेल्या बाईकडे फॅशनच्या दुकानाचं लक्ष नसतं, जाहिरातवाल्यांचं नसतं, मालिकेत ती कुणाची तरी सासू असते. इथे एक कॅमेरा तिच्याकडे रोखलेला होता. तिच्या मापाचे कपडे, तिच्या कातडीची क्रीम, तिच्या दुखऱ्या टाचेची चप्पल, आणि हे सगळं तिच्याच वयाच्या बाईच्या अंगावर. पसंत पडलं नाही तर परत करायला तीस दिवसांची मुदत. म्हणून ती पुन्हा पुन्हा आली. कंपनीच्या विक्रीतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग जुन्या गिऱ्हाइकांचा असतो. त्याची दुसरी बाजूही खरी आहे: एकटं घर, रिकामी दुपार आणि हाताशी फोन असला की कपाटात न उघडलेली खोकी साचतात. गोड बोलून विकणाऱ्याला त्याची जबाबदारी झटकता येत नाही.

तरीही अलीकडे क्यूव्हीसीचा धंदा आटत गेला. मग अडचण कुठे आली? सर्रास दिलं जाणारं उत्तर असं, की प्रेक्षक म्हातारा झाला. हे उत्तर अर्धंच आहे. अमेरिकेत पैसा आणि वेळ दोन्ही असलेला वर्ग ज्येष्ठांचाच, आणि त्यांची संख्या वाढते आहे. खरा घाव बसला तो केबलच्या वायरीवर. रिमोटने बातम्यांवरून सिनेमावर जाताना वाटेत क्यूव्हीसी लागायचं आणि बोट थांबायचं. नवं गिऱ्हाईक असंच मिळत होतं. चॅनेलचा क्रमांक चांगल्या जागी राहावा म्हणून केबलवाल्यांना विक्रीतला काही टक्के वाटा दिला जाई. दहा-बारा वर्षांपूर्वी अमेरिकेत सुमारे दहा कोटी घरांत पैसे भरून टीव्ही जोडणी होती. त्यानंतर कोट्यवधी घरांनी ती तोडली. नेटफ्लिक्सवर मालिका शोधणाऱ्याच्या वाटेत कुणी स्वेटर घेऊन उभं राहत नाही.

त्यात मालकांनी भर घातली. क्यूव्हीसीच्या मालक कंपनीने २०१७ मध्ये एचएसएनला पोटात घेतलं; एकत्रित कंपनीचं नाव पुढे क्युरेट झालं. करोनाच्या काळात घरी अडकलेल्या लोकांनी भरपूर खरेदी केली आणि २०२० ची उलाढाल १४०० कोटी डॉलरच्या वर गेली. हा पैसा नव्या वाटा शोधण्यात गुंतवायची ती वेळ होती. पण अब्जावधी डॉलरचं कर्ज डोक्यावर असताना २०२० आणि २०२१ मध्ये भागधारकांना मोठाले विशेष लाभांश वाटले गेले. १८ डिसेंबर २०२१ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंट इथलं कंपनीचं अवाढव्य गोदाम जळून गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. २०२४ ची उलाढाल सुमारे १००० कोटींवर आली. जानेवारी २०२५ मध्ये एचएसएनचा फ्लोरिडातला तळ उठवून सगळं वेस्ट चेस्टरला हलवायचं ठरलं, फेब्रुवारीत कंपनीने क्यूव्हीसी ग्रुप हे नाव घेतलं आणि मार्चमध्ये सुमारे ९०० जणांची नोकरी गेली. चाळीस वर्षं जमवलेल्या गिऱ्हाइकाचा विश्वास व्याज फेडण्यात खर्ची पडावा, याचा राग यायलाच हवा. म्हातारपणाला दोष दिला की हिशेबाच्या वहीकडे कुणी बघत नाही.

कंपनीने हातपाय मारले नाहीत असं नाही. २०२४ मध्ये तिने पन्नाशी ओलांडलेल्या ५० बायकांना पुढे करून मोहीम काढली आणि आपलं गिऱ्हाईक कोण हे उघड मान्य केलं. एप्रिल २०२५ पासून टिकटॉकवर चोवीस तास थेट विक्री सुरू केली. चीनमध्ये ताओबाओने २०१६ मध्येच फोनवरची थेट विक्री सुरू केली होती. विक्रीची कला मुळात टीव्हीचीच, फक्त पडदा खिशात गेलेला. पण टिकटॉकवर अंगठा दोन सेकंदांत पुढे सरकतो. गुडघ्याची चौकशी करायला तिथे सवड नाही, आणि क्यूव्हीसीची पुंजी नेमकी ती सवड आहे.

दक्षिण कोरियात हा धंदा १९९५ मध्ये सुरू झाला आणि अमेरिकेपेक्षाही खोल रुजला. तिथे भांडण चॅनेलच्या जागेच्या भाड्याचं आहे. प्रेक्षक घटले, पण केबल कंपन्यांना द्यायचं शुल्क वाढतच गेलं. टीव्हीवरच्या विक्रीच्या उत्पन्नातला अर्ध्याहून मोठा हिस्सा त्यात जातो. डिसेंबर २०२४ मध्ये सीजे ऑनस्टाइल या बड्या विक्रेत्याने काही केबल कंपन्यांना दिलं जाणारं आपलं प्रक्षेपणच बंद केलं. जपानची गोष्ट त्यामानाने दिलासा देणारी. नागासाकी प्रांतातल्या कॅमेऱ्याच्या दुकानदाराचा मुलगा अकिरा ताकाता १९९० मध्ये रेडिओवर आणि १९९४ पासून टीव्हीवर माल विकू लागला. त्याची विक्री बघण्यासारखी होती. व्हॉइस रेकॉर्डर म्हणजे बैठकीत वापरायचं यंत्र, असं सगळे समजत. ताकाताने ते नोकरीवर जाणाऱ्या आईला विकलं: शाळेतून आलेल्या मुलासाठी निरोप बोलून ठेवा. आणि आजोबांना विकलं: विसरायच्या आत बोलून ठेवा. २०१५ मध्ये त्याने कंपनी मुलाच्या हाती दिली, पुढच्या वर्षी पडद्यावरून निरोप घेतला, आणि कंपनी चालू राहिली. २०२४ मध्ये तिने नागासाकीत स्वतःचं फुटबॉल स्टेडियम उघडलं.

भारतात या दुकानाचा इतिहास वेगळा. नव्वदच्या दशकात रात्री उशिरा, परदेशी जाहिरातींना हिंदी आवाज चिकटवून पोट कमी करणारे पट्टे आणि व्यायामाची यंत्रं विकली जात. ओठ एक बोलत, आवाज दुसरंच. २००८ मध्ये होमशॉप१८ आलं, पाठोपाठ स्टार आणि कोरियाच्या सीजेचं चॅनेल, नापतोल, २०१५ मध्ये बेस्ट डील टीव्ही. जिथे मॉल नव्हता अशा गावांत नॉन-स्टिक भांड्यांचा संच, साड्यांचा सेट, मिक्सर पोस्टाने किंवा कुरियरने पोचू लागला. पैसे दारात मोजायचे. नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीने नेमका तोच व्यवहार खोळंबला, आणि तोवर फ्लिपकार्ट, अ‍ॅमेझॉन फोनवर आलेच होते. होमशॉप१८ आणि सीजेचं चॅनेल २०१८ मध्ये एक झाली.

आपल्याकडे विश्वास मात्र जमू दिला गेला नाही. माल दाखवला एक आणि आला दुसरा, ही तक्रार घरोघरची. त्याहून वाईट होती यंत्रं आणि कवचं. अभिनेते आणि भजनगायक छोट्या पडद्यावरून ‘हनुमान चालीसा यंत्र’ विकत: घरात लावा, कर्ज फिटेल, आजार जाईल. औरंगाबादच्या एका शिक्षकाने २०१५ मध्ये याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली. जानेवारी २०२१ मध्ये निकाल आला. अलौकिक शक्तीचा दावा करून वस्तू विकणाऱ्या अशा जाहिराती महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरल्या आणि त्यांवर लक्ष ठेवायची व्यवस्था करायचे आदेश झाले. त्या जाहिरातींचं लक्ष्य होतं ते दुपारी एकटं टीव्हीसमोर बसलेलं म्हातारं माणूस.

आता तीच माणसं फोनवर आली आहेत. साड्यांचे दुकानदार फेसबुक-इन्स्टाग्रामवर लाइव्ह येतात, एकेक साडी पदर उलगडून दाखवतात, जिला हवी तिने नंबर टाकायचा आणि यूपीआयने आधी पैसे भरायचे. साठी-सत्तरीच्या बायका हे तासन्‌तास बघतात, एकमेकींना नावाने ओळखतात. चांगले विक्रेते त्यात पुष्कळ आहेत. पण बहुतेक ठिकाणी माल परत घेतला जात नाही, पोस्टाचा खर्च गिऱ्हाइकाचा, आणि लाइव्ह संपलं की तक्रार कुणाकडे करायची ते ठाऊक नसतं. क्यूव्हीसीने तीस दिवसांच्या मुदतीवर जे कमावलं ते यांनी अजून हाती घेतलेलं नाही.

कायदा निदान तयार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात टेलिशॉपिंग आणि ऑनलाइन, दोन्ही प्रकारची खरेदी नाव घेऊन धरलेली आहे. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. सोलापूरच्या बाईला सुरतच्या दुकानदारासाठी सुरतेला जावं लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोनही करता येतो. हा नंबर आणि हे हक्क आईवडिलांच्या फोनमध्ये मोठ्या अक्षरांत साठवून द्यायला मुलांना पाच मिनिटं पुरतील, आणि लाइव्हवर साडी दाखवणाऱ्याने स्वतःचा पत्ता आणि परतीची अट पहिल्या मिनिटालाच सांगायला त्याहून कमी.