लिव्हर मऊ लागला तर सायकल घरीच ठेवा



या पानावर आपण रक्तदाब, साखर, अंगावरचे रक्त कमी होणे अशा विषयांवर बोलतो. या वेळी सायकलच्या ब्रेकवर बोलणार आहोत. आरोग्याच्या पानावर ब्रेक कशाला, हे आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीतला एक कॉलेजचा मुलगा कात्रजहून स्वारगेटला सायकलने येत होता. सायकल सेकंडहँड, पण डिस्क ब्रेकची, म्हणून घरात सगळ्यांना कौतुक. सातारा रस्त्याला बालाजीनगर, पद्मावतीकडून स्वारगेटपर्यंत उतार आहे. जेधे चौकाच्या अलीकडे पुढची बस अचानक थांबली. मुलाने लिव्हर दाबला, तो सरळ हँडलला जाऊन टेकला. त्याने सायकल कडेला घातली आणि पडला. मनगट मोडले. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. दीड महिना प्लास्टर, आणि सकाळी पेपर टाकायचे काम हातचे गेले. त्याची आई आम्हाला म्हणाली, "ताई, ब्रेक चार दिवसांपासून ढिला वाटत होता म्हणे. पण लागत होता, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही."

चार दिवस ताप अंगावर काढून पाचव्या दिवशी दवाखान्यात येणारे रुग्ण आम्ही पुष्कळ पाहिले. ही गोष्ट त्याच जातीची आहे. ब्रेकही आधी लक्षणे दाखवतो. ती ओळखायला शिकले पाहिजे.

हा ब्रेक चालतो कसा?

इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरा, पुढचे तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो हलत नाही. आता थोडी हवा आत राहू द्या आणि पुन्हा दाबा. दट्ट्या स्पंजसारखा आत जातो. हायड्रॉलिक ब्रेकचे सगळे गणित एवढ्यात आले. लिव्हर दाबला की पाइपातले तेल खाली कॅलिपरमधल्या पिस्टनला ढकलते, पिस्टन पॅडना ढकलतात आणि पॅड चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन्ही बाजूंनी पकडतात. तेल दाबले जात नाही, म्हणून एका बोटाचा जोरही चाक थांबवतो. पाइपात हवा शिरली किंवा तेल गळाले, की तुमचा जोर हवा दाबण्यातच संपतो.

डिस्क दिसली म्हणजे ब्रेक हायड्रॉलिकच असेल असे नाही. स्वस्त सायकलींवर बहुतेक वेळा केबलचा डिस्क ब्रेक असतो. कॅलिपरपाशी उघडी तार आणि ती ओढणारा हात दिसला तर तो केबलचा. बंद पाइप सरळ आत गेलेला दिसला तर हायड्रॉलिक.

निघण्यापूर्वी एक मिनिट

१) दोन्ही लिव्हर एकेक करून जोरात दाबा. हँडलपासून अंतर राखून लिव्हर कडक थांबला पाहिजे. दोन-चारदा दाबल्यावरच कडक होत असेल तर बहुधा आत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर गळती असू शकते. दोन्ही वेळा सायकल घरीच ठेवा.

२) पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मग मागचा दाबून ढकला. चाक फिरता कामा नये. कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा, हेही याच वेळी कळते. सगळ्या सायकलींवर ते सारखे नसते.

३) लिव्हर, पाइप आणि कॅलिपरचे जोड पाहा. ओलसर तेलकट डाग म्हणजे गळती.

४) चाके घट्ट बसली आहेत ना, ते पाहा.

महिन्यातून एकदा पॅड तपासा. पॅडचा घासणारा थर अर्धा मिलिमीटर उरेपर्यंत थांबू नका. डिस्कही झिजते. किमान जाडी बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते. शिमानोची नवी डिस्क साधारण १.८ मिलिमीटर असते आणि १.५ झाली की बदलायची असते.

तेल घालू नका

ब्रेक किंचाळायला लागला की घरातले कुणीतरी शिलाई मशीनचे नाहीतर खोबरेल तेल आणते. साखळीला तेल हवे असते, डिस्कला नको. एक थेंब पॅडवर गेला तर पॅड ते शोषून घेतो आणि ब्रेक घसरतो. मग पॅड बदलण्याचाच खर्च येतो. साखळीवर तेलाचा स्प्रे मारतानाही डिस्क कापडाने झाका. डिस्कला बोट लावू नका, हाताचा तेलकटपणाही तिला चालत नाही. पुसायची असेल तर स्वच्छ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा.

पाइपातले तेलही वाटेल ते चालत नाही. शिमानो, टेक्ट्रोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागते, काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतली रबरी सीलं खराब होतात आणि ब्रेक कधी दगा देईल सांगता येत नाही. मेकॅनिकला विचारायला लाजू नका : "दादा, यात कोणतं ऑइल घालताय?"

हवा काढण्याच्या कामाला मेकॅनिक 'ब्लीडिंग' म्हणतात. आम्हा परिचारिकांना तो शब्द ऐकून दचकायला होते, पण इथे ते औषध आहे. शिकल्याशिवाय स्वतः करू नका.

चाक काढले असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची स्वच्छ घडी घालून ठेवा. पंक्चर काढायला सायकल उलटी केली असेल तर सरळ केल्यावर लिव्हर चार-पाच वेळा दाबून पाहा, मगच बसा.

उतारावर आणि पावसात

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, डिस्क आणि तेल तापते. दोन्ही ब्रेक मिळून दाबा, वेग कमी करा, सोडा, पुन्हा दाबा. फक्त पुढचा ब्रेक झटक्यात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. मनगट, खांद्याचे हाड आणि चेहरा यांना मार बसतो तो असा. पावसात डिस्क ब्रेक चांगला चालतो, पण ओल्या रस्त्यावर टायर घसरते. म्हणून अंतर जास्त ठेवा. नवे पॅड बसवले की पहिल्याच दिवशी गर्दीत जाऊ नका. मोकळ्या जागेत मध्यम वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा हळूहळू ब्रेक लावा, चाक जाम न करता. मग पॅड नीट पकडू लागतात.

इजा झाली तर

उतार उतरल्यावर डिस्क चटका देण्याइतकी तापलेली असते. चटका बसला तर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ लावू नका. फिरत्या चाकाच्या डिस्कजवळ बोट नेऊ नका. मुलांना हे आवर्जून सांगा. डॉट फ्लुइड त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देते. डोळ्यात उडाले तर निदान पंधरा मिनिटे पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. पडल्यावर उलटी, गुंगी, घटनेचा विसर किंवा मानेत दुखणे असेल तर माणसाला उठवून बसवू नका, १०८ ला फोन करा.

पर्वती पायथा, दांडेकर पूल, गुलटेकडी इथली कितीतरी माणसे पहाटेच्या अंधारात सायकलवर कामाला निघतात. त्यांच्या हातापायावर घर चालते. सेकंडहँड सायकल घेण्यात कमीपणा नाही, पण ती तपासून न घेण्यात धोका आहे. आमची एक सूचना आहे. महिन्यातल्या एका रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या अंगणात सगळ्यांनी आपापल्या सायकली आणाव्यात. वर सांगितलेल्या चार गोष्टी थोरांनी मुलांकडून करून घ्याव्यात आणि ज्यांना काम येते त्यांनी बाकीच्यांना शिकवावे. तथागतांनी अप्रमादाला, म्हणजे सावध राहण्याला, फार मोठे स्थान दिले. रोज सकाळी लिव्हर दाबून पाहणे हा त्याचाच एक छोटा सराव समजूया.