बरी दिसते, पण गोळी घेतली का?

किडनी बदलून बाई घरी आली की शेजारीपाजारी भेटायला येतात आणि हमखास म्हणतात, "सुटलीस बाई एकदाची!" डायलिसिसच्या सुयांतून, घोट मोजून प्यायच्या पाण्यातून ती सुटलेली असते, हे खरंच. पण गोळ्यांतून नाही. दुसऱ्याची किडनी आपल्या शरीराला परकीच वाटते आणि आपली प्रतिकारशक्ती तिच्यावर चालून जाते. ते रोखायला टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, स्टिरॉइड अशी औषधं, ती किडनी चालते तोवर, रोज ठरल्या वेळी घ्यावीच लागतात.

आमच्या महिला मंडळातल्या एका मैत्रिणीला तिच्या आईनं किडनी दिली. पहिले तीन महिने सगळ्यांनी तिला फुलासारखं जपलं. नवरा गोळ्या हातात आणून द्यायचा, सासूबाई स्वयंपाकाला हात लावू देत नव्हत्या. पुढे ती हिंडूफिरू लागली, चेहऱ्यावर तेज आलं आणि हळूहळू सगळा संसार पुन्हा तिच्या अंगावर आला. डब्यांच्या गडबडीत नऊची गोळी अकराला जाऊ लागली. जूनमध्ये मुलीची फी भरायची होती. तेव्हा हिनं कुणालाही न सांगता रात्रीची गोळी एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. "काहीच होत नव्हतं हो ताई, म्हटलं तेवढेच पैसे वाचतील," ती नंतर मला म्हणाली.

इथेच तर फसगत होते! शरीर किडनी नाकारू लागलं तरी सुरुवातीला बहुतेक वेळा काही दुखत-खुपत नाही. कळतं ते रक्तातल्या क्रिएटिनिनवरून. नशीब, तिची तपासणीची तारीख जवळ आली होती. दाखल करून इंजेक्शनं द्यावी लागली. किडनी वाचली, पण क्रिएटिनिन पूर्वीच्या आकड्यावर काही आलं नाही. तिची आई एवढंच म्हणाली, "मला सांगायचं होतंस गं. पाटल्या मोडल्या असत्या."

त्यानंतर आम्ही चौघीजणी तिच्या घरी जाऊन बसलो आणि सगळ्यांसमोरच बोललो. औषधांचा खर्च किराण्याच्या आधी बाजूला काढायचा, सकाळचे डबे नवऱ्यानं भरायचे, असं ठरलं. आता स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली वेळापत्रक चिकटवलंय आणि सासूबाईच आठवण करतात.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात किंवा आळीत अशी कुणी असेल तर थोडं लक्षात ठेवा. सुरुवातीचे काही आठवडे भरलेली कळशी, सिलिंडर तिला उचलू देऊ नका. कच्चं दूध, उघड्यावरची पाणीपुरी, चिरून ठेवलेली फळं नकोत. पपनस तर नकोच, त्यानं टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. उपास डॉक्टरांना विचारूनच. अंगदुखीची गोळी किंवा कुणी सांगितलेला काढा परस्पर घेऊ नये, त्यानं किडनीला इजा होऊ शकते. टॅक्रोलिमसची पातळी तपासायची असेल, त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची असते, म्हणून ती पर्समध्ये असू द्यावी. ताप आला, लघवी कमी झाली, पायावर सूज आली, तर वाट न बघता दवाखाना गाठावा. लग्नाच्या गर्दीत ती मास्क लावून आली किंवा आलीच नाही, तर तिला शिष्ट म्हणू नका.

आणि किडनी देणाऱ्या आईला विसरू नका. तिचीही दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिनची तपासणी व्हायला हवी. "मला काय धाड भरलीय?" म्हणून ती टाळणारच.

आमची मैत्रीण आता पुन्हा शिवणकाम घेतेय. ब्लाउज उशिरा मिळाला म्हणून कुणी कुरकुर केली, तर ती हसून सांगते, "आधी माझी गोळी, मग तुमचा ब्लाउज." आपलं दुखणं सगळ्यांत शेवटी मोजायची आपल्या बायकांची सवय तिनं मोडलीय. तिच्या आईच्या किडनीचं मोल आता घरात सगळ्यांनाच कळलंय.