नावेतून आलेली बाग

इटलीतलं सरोवर म्हटलं की आपली मंडळी कोमो गाठतात. हाताशी एकच दिवस असेल तर तो माज्जोरे सरोवराला द्यावा, असं माझं ठाम मत आहे. मिलानहून आगगाडीने तासाभरात स्त्रेसा हे काठावरचं गाव येतं. स्टेशनातून उतारावरून धक्क्यावर आलं की बोर्रोमेओ बेटं समोरच दिसतात. सरोवराची लांबी सुमारे ६५ किलोमीटर, त्याचं उत्तरेचं टोक स्वित्झर्लंडमध्ये.

आधी इझोला बेल्लाला जावं. आज फुलांनी बहरलेलं हे बेट मुळात उघडाबोडका खडक होता, आणि त्यावर कोळ्यांची वस्ती. १६३२ साली कार्लो तिसरा बोर्रोमेओ याने पत्नी इझाबेल्लासाठी इथे वाडा आणि बाग उभारायला घेतली. खडकावर झाड जगायचं कसं? काठावरची माती होड्या भरभरून आणली गेली. बापाचं काम मुलगा वितालियानो याने पुढे नेलं. एकावर एक चढत जाणाऱ्या दहा गच्च्यांच्या माथ्यावर घराण्याचं चिन्ह असलेला एकशिंगी घोडा उभा आहे. या गच्च्या चढताना पायाखालची माती परक्या जागेची आहे, हे आठवत राहतं आणि मन भरून येतं.

वाड्यातल्या संगीत दालनात एप्रिल १९३५ मध्ये हिटलरला रोखण्यासाठी ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीचे नेते भेटले होते. त्याच ऑक्टोबरात मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला आणि ती एकजूट मोडली. मी मात्र तळमजल्यावरच्या कृत्रिम गुहांमध्ये जास्त रमले. काळ्या-पांढऱ्या गोट्यांनी भिंती आणि छत मढवलेल्या या खोल्या एकामागून एक उघडत जातात. उन्हाळ्याच्या काहिलीत घरच्यांना गारव्याला बसता यावं, म्हणून हा सगळा खटाटोप.

इझोला माद्रे हे सर्वांत मोठं बेट, आणि भारतीय माणसाने तिथे एका झाडासाठी जावं. वाड्यासमोर निळसर, झुलत्या फांद्यांचा काश्मीर सायप्रस आहे. ही जात मूळची भूतान-अरुणाचलाकडच्या डोंगरांतली. १८६२च्या सुमारास हिमालयातून आलेल्या बियांपासून हा वृक्ष इथे वाढला. जून २००६ मध्ये वावटळीने तो मुळासकट आडवा केला. दुसऱ्या कुणी सरपण केलं असतं. इथे क्रेन लावून त्याला उभं केलं, पोलादी दोरांनी ताणून बांधलं आणि जगवलं. ते दोर आजही दिसतात, आणि ते लपवलेले नाहीत हे मला फार आवडलं.

कोळ्यांचं इझोला देई पेस्कातोरी अगदी चिमुकलं. इथल्या जुन्या घरांना लांबलचक सज्जे आहेत, ते मासळी वाळवण्यासाठी. दुपारचं जेवण इथेच घ्यावं, सरोवरातली ताजी मासळी मागवून.

बागा हिवाळ्यात बंद असतात, म्हणून एप्रिल-मे गाठावा. तिन्ही बेटांचं बोटीचं तिकीट एकत्र मिळतं. आणि मिलानला परतल्यावर तिथल्या दुओमोच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या, छतावर चढावं. त्याचा गुलाबी छटेचा संगमरवर कांदोल्याच्या खाणीतला. तोचे नदीतून या सरोवरात, पुढे तिचिनो नदीतून नाविल्यो ग्रांदे कालव्यात, असा तो शतकानुशतकं नावांनीच मिलानला पोचला. त्या दगडावर कर माफ होता. खाण आजही चालू आहे, आणि तिथला दगड दुओमोच्या डागडुजीसाठीच निघतो.