बेदाणा थंड, माणूस गरम!

सुरुवातीलाच कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या काही चुका संपादक मंडळाने पोटात घातल्या आहेत, उरलेल्या तुम्ही घाला.

तर मुद्द्यावर येते. आमच्या लेडीज होस्टेलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे पत्र्याखालच्या खोल्यांत, जिने एप्रिलमध्ये 'हीट ट्रान्सफर'चा अभ्यास केला तिला ओरलला एक्स्टर्नलने काहीही विचारावं! कंडक्शन, कन्व्हेक्शन, रेडिएशन... तिन्ही मोड आम्ही अंगावर घेतलेत. शेवटी मागच्या प्रिपरेशन लीव्हला मी पुस्तकं उचलली आणि सरळ मामाकडे तासगावला पळून गेले.

मामांचं तिथे पत्रे आणि पॅनेलचं दुकान आहे. शीतगृहं, गोठे, पोल्ट्री, शेड असल्या कामांना माल पुरवतात. एका दुपारी ते मला एका कोल्ड स्टोरेजवर घेऊन गेले. बाहेर ४० अंश, डांबर चपलेला चिकटत होतं. जाड दरवाजा सरकला आणि आत ४ अंश! छतापर्यंत बेदाण्याच्या बॉक्सची थप्पी, आणि मी मध्ये उभी, दात वाजवत. मला आमची खोली आठवली. मी म्हटलं, "मामा, हे असलं पॅनेल आमच्या होस्टेलला का नाही लावत कोणी?"

मामा हसले. "अगं पोरी, बेदाण्याला ऊन लागलं तर भाव पडतोय. तुम्हाला लागलं तर काय पडतंय?"

त्या एका वाक्यावर हा सगळा लेख उभा आहे.

बेदाण्याचे लाड का?

तासगाव म्हणजे द्राक्ष, हे सगळ्यांना ठाऊक असतं. याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवड करून 'तास-ए-गणेश' ही जात पुढे आणली. त्याच द्राक्षाचा पुढे बेदाणा होतो. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, म्हणजे सालीवरचं मेण सुटतं आणि आतलं पाणी लवकर बाहेर पडतं. मग शेडमध्ये जाळीच्या मजल्यांवर, सावलीत, दोन-तीन आठवडे वाळवायचं. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

हंगाम असतो फेब्रुवारी ते एप्रिल, पण विक्री चालते वर्षभर. खरा पैसा हिरव्या रंगात असतो. उन्हाळ्यात साध्या गोडाऊनमध्ये ठेवला तर बेदाणा हळूहळू तांबूस पडतो, आणि सौद्यात व्यापारी मूठ उघडून आधी रंगच बघतो. गारव्यात ही रंग बदलायची क्रिया मंदावते. म्हणून शेतकरी भाडं भरून माल कोल्ड स्टोरेजमध्ये टाकतो आणि भाव येईपर्यंत थांबतो. थोडक्यात, त्याला भावासाठी थांबता येतं ते त्या भिंतीतल्या चार इंच फोममुळे!

थोडं गणित (घाबरू नका)

उष्णता एखाद्या पदार्थातून किती सहज जाते त्याचा आकडा म्हणजे थर्मल कंडक्टिव्हिटी, आपला लाडका 'के'. पोलादाचा के सुमारे ५०, काँक्रीटचा दीडच्या आसपास, विटेचा पाऊण. थर्माकोलचा ०.०३५ ते ०.०३८, रॉकवूलचा ०.०४ च्या आसपास, आणि पफचा, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा, फक्त ०.०२३. गुपित एवढंच, की फोमच्या बारीक बारीक बंद पेशींत वायू अडकलेला असतो. तो हलत नाही, म्हणून उष्णताही पुढे सरकत नाही.

आता कोल्ड स्टोरेज बघा. बाहेर ४०, आत ४, फरक ३६ अंशांचा. ९ इंची विटेची भिंत असेल तर दर चौरस मीटरमागे सुमारे ७५ वॅट उष्णता आत येईल. १०० मिलिमीटर पफ असेल तर फक्त ८ वॅट. जी उष्णता आत आली ती कॉम्प्रेसरने बाहेर काढायची, आणि कॉम्प्रेसर म्हणजे वीजबिल.

आता आमची खोली बघा. १० बाय १२, वर नुसता पत्रा. दुपारी पत्रा ६५ अंश, खोली ३५ अंश धरा. हिशेब केला तर वरून साधारण २००० वॅट आत येतात! रेक्टर मॅडम खोलीत कॉईल सापडली की जप्त करतात, फाईनही घेतात. पण ही डोक्यावरची २००० वॅटची कॉईल कोण जप्त करणार? त्याच पत्र्याच्या जागी ५० मिलिमीटरचं पफ पॅनेल असतं तर दीडशे वॅटच्या आत काम भागलं असतं.

आमच्या आजोळच्या जुन्या घराला माळवद होतं. लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर. मातीचा के काही फार चांगला नाही, पण थरच एवढा जाड की दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर सगळे अंगणात झोपलेले असायचे. पुढे माळवद गळतं म्हणून उतरवलं आणि पत्रा आला. घर पक्कं झालं असं सगळे म्हणाले. इन्सुलेशन काढून टाकलं, असं कोणीच म्हणालं नाही.

माल कुठे खपतो?

मी मामांना विचारलं, तुमचा माल घेतं कोण? त्यांनी बोटं मोडत सांगितलं. पहिला नंबर कोल्ड स्टोरेज. मग दूधवाले, चिलिंगसाठी. मग साखर कारखाने. तिथे बॉयलर आणि वाफेच्या पाइपांना रॉकवूल गुंडाळून वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवतात, त्याला लॅगिंग म्हणतात. मग थोडे पोल्ट्रीवाले, कारण उन्हाळ्यात कोंबड्या मरतात. आणि घरं? "घरवाला टाइल्सला पैसं घालतोय. छतात काय घातलंय ते पाहुण्याला दिसत नाही की!"

यादी नीट बघा. बेदाणा, दूध, वाफ, कोंबडी. सगळीकडे एक गोष्ट सारखी आहे. भिंत बांधणारा आणि नुकसान सोसणारा माणूस एकच आहे. तो एका कागदावर हिशेब करतो आणि माल उचलतो. शिवाय शीतगृहाला राष्ट्रीय बागवानी मंडळाचं अनुदान आहे, सर्वसाधारण भागात ठरवून दिलेल्या खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत. होस्टेलमध्ये मात्र बांधतो एक आणि घाम येतो दुसऱ्याला. भाड्याच्या घरातही तेच. म्हणून तिथे माल खपत नाही.

मुंबई-पुण्यात चित्र वेगळं आहे. तिथे हिशेबापेक्षा नियमाने माल खपतो. एसीच्या डक्टला ग्लासवूल, काचेच्या दर्शनी भिंतीमागे मजल्या-मजल्यात रॉकवूल, फायर डोअर, पोलादी खांबांवर व्हर्मिक्युलाइटचं प्लास्टर किंवा आगीत फुगणारा रंग. हा रंग तापला की फुगून जाड कवच धरतो, म्हणजे पोलाद उशिरा तापतं. ५५०-६०० अंशांना पोलादाची ताकद जवळपास निम्मी होते, त्यामुळे हा उशीर म्हणजेच माणसं बाहेर पडायला मिळालेला वेळ. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये १५ मीटरच्या वरची इमारत उंच धरतात आणि तिला जास्त अटी लागतात. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. ऊर्जा बचतीसाठी मोठ्या व्यावसायिक इमारतींना २००७ पासून ईसीबीसी आणि घरांसाठी २०१८ पासून इको-निवास संहिता आहे. पण तासगावात १५ मीटरच्या वरच्या इमारती कितीशा? त्यामुळे फायरप्रूफिंगच्या मालाला इथे गिऱ्हाईकच नाही. मामांच्या काउंटरवर रॉकवूलचा एक नमुना आहे. त्याचा उपयोग बिलं उडू नयेत म्हणून वजन ठेवायला होतो!

पफ म्हणजे प्रूफ नव्हे!

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. मी दुकानात बसले असताना एक गिऱ्हाईक आलं. पॅनेलवर टकटक करून म्हणालं, "शेठ, हे पफ हाय म्हणजे वॉटरप्रूफ, फायरप्रूफ समदं आलं न्हवं यात?"

मला हसू आलं, मामांना नाही आलं. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी मला परसात नेलं. पफचा एक तळहाताएवढा तुकडा विटेवर ठेवून काडी लावली. काही सेकंदांत तो पेटला आणि काळा धूर असा आला की आम्ही दोघंही मागे सरलो. मग तेवढाच रॉकवूलचा तुकडा. तीन काड्या संपल्या, तो नुसता काळा पडला. रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेले धागे, ते हजार अंशांपर्यंत टिकतात. (हा प्रयोग होस्टेलमध्ये करू नये. तो धूर विषारी असतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं.)

उष्णता अडवणं आणि आग अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पफ पहिलं काम उत्तम करतं, दुसरं नाही. आणि पॅनेलमध्ये फोम दोन पत्र्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे आग आतल्या आत सरकते, बाहेरून पाणी मारलं तरी तिच्यापर्यंत पोचत नाही. त्यात कोल्ड स्टोरेजला खिडक्या नाहीत, दरवाजे मोजके.

दक्षिण कोरियात इचॉन नावाचं शहर आहे. जानेवारी २००८ मध्ये तिथल्या एका कोल्ड स्टोरेजचं काम चालू असताना आग लागली, ४० कामगार गेले. त्याच शहरात एप्रिल २०२० मध्ये गोदामाच्या बांधकामावर पुन्हा आग लागली, ३८ गेले. दोन्हीकडे युरेथेन फोमचं काम होतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये जून २०१७ ला ७२ माणसं गेली. तिथेही बाहेरून लावलेलं आवरण आणि त्यामागचा फोम जळाला. एकाच शहरात बारा वर्षांनी तेच घडतं, याचा अर्थ आगीचं बिल लोक विसरतात. वीजबिल दर महिन्याला येतं म्हणून लक्षात राहतं. आगीचं एकदाच येतं, आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्याच्याच नावावर येतं.

कोटेशनमधली शेवटची ओळ

मग सगळं कोल्ड स्टोरेज रॉकवूलचंच करावं का? मी हेच विचारलं. मामा नाही म्हणाले, आणि त्यांचं बरोबर आहे. रॉकवूलचा के जवळपास दुप्पट, म्हणजे भिंतही तेवढी जाड करायला हवी. शिवाय त्यात ओल शिरली की इन्सुलेशन संपलं, आणि थंड खोलीच्या भिंतीत ओल शिरायला टपलेलीच असते. म्हणून थंड खोलीला पफच ठीक. पण कॉम्प्रेसर रूम, जिथे मोटर, वायरिंग आणि बऱ्याच ठिकाणी अमोनिया असतो, तिच्या आणि गोडाऊनच्या मधली भिंत रॉकवूलची असावी. पॅनेलमधून जाणाऱ्या वायरी पाइपातून जाव्यात, भोकं नीट बंद करावीत. आणि पॅनेल चढल्यावर वेल्डिंग करायचंच असेल तर शेजारी एक माणूस फक्त बघायला उभा पाहिजे, काम संपल्यावरही अर्धा तास.

म्हणून मामा प्रत्येक कोटेशनच्या शेवटी एक ओळ लिहितात: 'कॉम्प्रेसर रूमची भिंत, रॉकवूल पॅनेल.' आणि बहुतेक गिऱ्हाईक पहिली तीच ओळ खोडतं. मी जुन्या फाइली चाळल्या. पानामागून पान, शेवटच्या ओळीवर निळ्या पेनाची आडवी रेघ. एकदा तर त्या ओळीमुळे अख्खी ऑर्डरच दुसरीकडे गेली. मामी म्हणते, "लिहिताय कशाला मग?" मामा म्हणतात, "खोडणारा खोडू दे. न लिहिणारा मी नको."

आणि आपण?

होस्टेलला पफ पॅनेल लागेल तेव्हा लागेल. तोपर्यंत पत्र्याला वरून पांढरा रंग किंवा स्लॅबला चुन्यात फेव्हिकॉल घालून दोन हात दिले तरी ऊन बऱ्यापैकी परत फिरतं. खर्च एका गॅदरिंगच्या मंडपापेक्षा कमी येईल. श्रमदानाला आम्ही वरच्या मजल्यावरच्या सगळ्याजणी तयार आहोत, हे स्टाफने कृपया नोंदवून घ्यावं!

आता माझी शेवटची ओळ, मामांसारखी. तासगावहून परत आले आणि बॅग घेऊन जिना चढताना थबकले. जिन्याखाली, मीटर बोर्डाला टेकून, जुन्या गाद्यांचा ढीग आहे. गादीतला फोम म्हणजेही पॉलियुरेथेनच, पफचा मऊ भाऊ. आणि आम्हा सगळ्यांना खाली उतरायला तो एकच जिना आहे. दोन वर्षं मी त्या ढिगाजवळून रोज गेले, पण कधी दिसला नव्हता. मोजल्या, नऊ गाद्या आहेत. तसा अर्जही दिला आहे.

हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत त्या हलल्या असतील तर हा शेवटचा परिच्छेद खोडून टाकावा. निळ्या पेनाने चालेल.

— टी. ई. (मेकॅनिकल)